समुद्राकाठचा दस्तरखान

इस्लापूरला समुद्र येतो तो पोत्यांतून. आठवडी बाजारात मिरची-हळदीच्या पालांच्या पलीकडे सुक्या मासळीची दोन-तीन दुकाने लागतात. वास आधी येतो, दुकान नंतर दिसते. सुकट, जवळा, सुके बोंबील. आमच्या अम्मी गेली पन्नास वर्षे तिथून पावशेर सुकट आणतात, तव्यावर कोरडी भाजतात, मग कांदा, लाल तिखट आणि चिंचेचे पाणी घालून परततात. पावसाळ्यात भाजी महागली की आमच्या घरात ज्वारीच्या भाकरीबरोबर हेच कालवण असते.

ताज्या मासळीसाठी पैनगंगा आहे. सहस्रकुंडचा धबधबा आमच्या गावापासून जवळच. नदीच्या अलीकडे आमचा नांदेड जिल्हा, पलीकडे यवतमाळ. (बाहेरचे पाहुणे अजूनही आम्हाला इसापूर धरणाचे समजतात. ते धरण याच नदीवर आहे, पण बरेच वरच्या अंगाला. आमचे इस्लापूर किनवट तालुक्यातले.) भोई लोक मरळ, वाम, रोहू, कटला घेऊन येतात. घरी पाहुणे आले आणि त्या दिवशी मरळ मिळाली, तर अम्मींचा चेहरा खुलतो. एवढेच आमचे मासळीचे ज्ञान. आणि एवढ्या ज्ञानावर आम्ही गेल्या डिसेंबरात रत्नागिरीजवळच्या एका मोठ्या रिसॉर्टमध्ये, समुद्रापासून पन्नास पावलांवर मांडलेल्या टेबलाशी जेवायला बसलो. सोबत आमचे नवे व्याही होते.

आमची लेक पुण्यात शिकत होती. तिथेच ओळखीतून रत्नागिरीकडचे स्थळ आले. कोकणी मुसलमान घराणे, मुलगा नोकरीला, माणसे साधी. आम्हा दोघांना स्थळ पसंत पडले, लेकीलाही. पण नात्यात बोलणी सुरू झाली तसे एकेकाचे तोंड उघडू लागले. कुणी म्हणाले, किती दूर. कुणी म्हणाले, त्यांची भाषा वेगळी. एका मामूंनी तर खास फोन करून सांगितले, "ते शाफई आहेत, आपण हनफी. नमाजची पद्धत वेगळी. आणि ते लोक खेकडे खातात, खेकडे!" हा शेवटचा मुद्दा पुढे दोन महिने आमच्या घरात फिरत राहिला. लग्नाच्या बाजारहाटाला निघालेल्या बायकासुद्धा कापड बघता बघता म्हणायच्या, मुलगी चांगली आहे, पण तिथे खेकडे खावे लागतील.

अम्मी या सगळ्यात गप्प होत्या. त्यांनी आम्हाला एकदाच विचारले, "पोरगी तिथं खाईल काय?" आम्ही म्हणालो, तांदूळ तर आहे ना. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. हे उत्तर त्यांना पटले नव्हते, हे आम्हाला तेव्हाच कळले होते.

निकाह इस्लापुरात झाला. वलीमा रत्नागिरीला. आम्ही अकरा माणसे एका गाडीत बसून निघालो. हिमायतनगर, भोकर करत नांदेड, आणि नांदेडहून नागपूर-रत्नागिरी महामार्ग. लातूर, तुळजापूर, सोलापूर, मिरज, कोल्हापूर. सातशेच्या आसपास किलोमीटर. आंबा घाट उतरेपर्यंत पहाट झाली. घाटात अम्मींनी खिडकीची काच खाली केली आणि म्हणाल्या, हवा ओली आहे. सत्तरी पार केलेल्या अम्मींनी तोवर समुद्र पाहिलेला नव्हता. खरे तर आम्हा अकरांपैकी चौघांनीच तो पाहिला होता, तोही मुंबईचा.

वलीमा नीट पार पडला. त्याचे वर्णन करत नाही. वलीमे सगळीकडे सारखेच असतात, बिर्याणी उरते आणि फोटोवाला जेवत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी व्याह्यांनी आम्हाला मिरकरवाड्याला नेले. हे रत्नागिरीचे मोठे मासेमारी बंदर. होड्या लागत होत्या, टोपल्या उतरत होत्या, लिलावाचा गलका चालला होता. आमचा बारा वर्षांचा धाकटा एका सुरमईजवळ उभा राहून स्वतःची उंची मापत होता. अम्मी एका कोळणीच्या टोपलीसमोर थांबल्या. तिच्याकडे ओला जवळा होता, गुलाबीसर, अजून चमकणारा. अम्मींनी तो बोटांनी उचलून पाहिला आणि आमच्याकडे वळून म्हणाल्या, "ही तर सुकट आहे. ओली." पन्नास वर्षे जी वस्तू वाळलेली पाहिली, ती त्या दिवशी पहिल्यांदा ओली दिसली.

व्याही तिथेच म्हणाले, "आज रात्री जेवण बाहेर. मी बुकिंग केलंय." आम्ही नको-नको केले. वलीम्याचा खर्च आम्ही पाहिला होता. पण कोकणातली माणसे एकदा पाहुणचार ठरवला की ऐकत नाहीत, हे लेकीने आधीच बजावले होते.

रिसॉर्ट शहरापासून थोडे उत्तरेला होते. नाव सांगत नाही, त्याने काही फरक पडत नाही. नारळीच्या झाडांना दिवे गुंडाळलेले, वाळूवर लाकडी फळ्यांची वाट, कडक इस्त्रीचे कपडे घातलेले वेटर. आम्ही पोचलो तेव्हा सूर्य बुडत होता. व्याह्यांनी मॅनेजरला काहीतरी सांगितले आणि एका पोऱ्याने दोन मोठ्या चादरी आणून वाळूवर अंथरल्या. मगरिबची जमात तिथेच झाली. बायकांची सफ मागे. इमामत व्याह्यांनी केली.

कोकण किनाऱ्यावर नमाजला उभे राहिले की समोर समुद्रच असतो, कारण किब्ला पश्चिमेला. इस्लापुरातही किब्ला पश्चिमेलाच आहे, पण तिथे समोर भिंत, भिंतीवर कॅलेंडर. सलाम फिरवल्यावर अम्मी कितीतरी वेळ तशाच बसून राहिल्या. नंतर त्यांनी सुनेच्या कानात विचारले, "मध्ये काहीच नाही का? सरळ अरबस्तान?" आम्ही सांगितले, आधी समुद्रच समुद्र, मग अरबस्तानचा किनारा. त्यांनी पदर डोक्यावर सारखा केला.

टेबलावर आम्ही बसलो आणि पहिली अडचण आली. प्रत्येकासमोर उंच दांड्याचे रिकामे ग्लास मांडलेले होते. ते कशासाठी असतात, ते आम्हाला सिनेमांतून माहीत. व्याह्यांनी शांतपणे वेटरला सांगितले, "हे सगळे उचला. साधे पाण्याचे ठेवा." वेटरने एका मिनिटात उचलले. अम्मींच्या चेहऱ्यावरचा एक ताण तेवढ्यात उतरला.

मग आला तो ट्रे. दोन माणसांनी धरलेला, बर्फ पसरलेला, त्यावर ताजी मासळी. अशा ठिकाणी मेनूकार्डावर मोठ्या मासळीपुढे किंमत नसते. तिथे 'ॲज पर साइझ' असे लिहिलेले असते. तुम्ही मासा निवडायचा, त्याचे वजन होते, वजनावर पैसे. सुरमई होती, पापलेट होते, हलवा, रावस, मोठी कोळंबी. एका वाडग्यात तिसऱ्या. आणि मधोमध, मिशा ट्रेच्या बाहेर आलेली, शेवंड. इंग्रजीत जिला लॉबस्टर म्हणतात तीच. ती अजून हलत होती.

व्याह्यांचा चेहरा उजळला. "दोन शेवंड करा. तंदूरमध्ये. आणि तिसऱ्यांचं सुकं." मग अम्मींकडे पाहून म्हणाले, "आमच्याकडे मोठा मान द्यायचा असला तर शेवंड. लहानपणी मिळायची, आता क्वचित मिळते. आज नशीब."

टेबलावर शांतता पसरली. आमच्या बाजूची सहा माणसे पाण्याच्या ग्लासाकडे पाहू लागली. लेकीने मान खाली घातली. तिला ठाऊक होते आणि तिने सासऱ्यांना सांगितले नव्हते. नवी सून असे कसे सांगणार? आमची चूक अशी की आम्हीही सांगितले नव्हते. दोन महिने खेकड्यांची चर्चा करणाऱ्या आम्हाला व्याह्यांना एक साधे वाक्य बोलता आले नव्हते.

इथे थोडे थांबून मसला सांगायला हवा, कारण पुष्कळ वाचकांच्या घरी हे प्रश्न येतात. पाण्यातल्या जीवांपैकी मासा हलाल, यावर सगळ्या मसलकांचे एकमत आहे. त्याला जबह करावे लागत नाही. सूरह माइदाच्या ९६ व्या आयतीत समुद्रातल्या शिकारीची परवानगी आलेली आहे. शाफई मसलकाने तिचा अर्थ व्यापक घेतला. समुद्रातच राहणारे जवळजवळ सगळे जीव त्यांच्याकडे हलाल. हनफी मसलकात पाण्यातले फक्त मासे. शेवंड, तिसऱ्या, माकुल, खेकडा मासा नव्हे, म्हणून ते नाही. कोळंबी आणि झिंग्याबद्दल खुद्द हनफी उलेमांत मतभेद आहेत. जुन्या अरबी कोशांत आणि लोकव्यवहारात त्याला मासाच म्हटले गेले, म्हणून अनेकांनी परवानगी दिली. तो मासा नाही, असे मानून काहींनी टाळण्यास सांगितले. म्हणजे अम्मी पन्नास वर्षे जी सुकट परतत आल्या, तीच आमच्या मसलकात चर्चेचा विषय आहे, आणि इस्लापुरात ही गोष्ट कुणी बोलत नाही.

कोकण शाफई आणि मराठवाडा हनफी, हे कसे झाले, तेही जाणून घेण्यासारखे आहे. कोकण किनाऱ्यावर इस्लाम आला तो गलबतांतून, अरब व्यापाऱ्यांबरोबर, आणि त्यांच्यातले पुष्कळ यमनकडचे, शाफई. म्हणून हिंदी महासागराच्या काठाने पाहत गेलात तर कोकण, भटकळ, मलबार, श्रीलंका, पार मलेशिया आणि इंडोनेशियापर्यंत शाफई वस्ती दिसते. दख्खनमध्ये इस्लाम आला तो बराचसा उत्तरेकडून, जमिनीच्या वाटेने, तुर्क आणि मुघलांच्या काळात, आणि तो हनफी. आमचा मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याला स्वतःचा समुद्रकिनाराच नव्हता. इमाम अबू हनीफा कूफ्याचे, फुरात नदीकाठचे. इमाम शाफई गाझात जन्मले, समुद्राकाठी. यावरून फार निष्कर्ष काढू नयेत. इमामांनी फतवे आपल्या आवडीनिवडीवरून दिलेले नाहीत. तरी त्या रात्री आम्हाला हे आठवले खरे.

टेबलावरची ती शांतता मोडली विहीणबाईंनी. त्यांनी एकदा लेकीकडे पाहिले, एकदा अम्मींकडे, आणि नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, ही माणसं हनफी आहेत. शेवंड खात नाहीत ती."

व्याह्यांचा चेहरा इतका उतरला की आम्हालाच वाईट वाटले. त्यांनी लगेच वेटरला हाक मारली. "सगळं रद्द. शेवंड नको, तिसऱ्या नको. नुसती सुरमई आणि पापलेट आणा." आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "माफ करा. लक्षातच आलं नाही. आम्हाला वाटलं तुम्ही लांबून आलाय, तुम्हाला मिळत नाही..."

तेव्हा अम्मी बोलल्या. त्या दिवसभर फारशा बोलल्या नव्हत्या. आमच्या घरात दखनी बोलतात, व्याह्यांच्या घरात कोकणी, त्यामुळे दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांना एकमेकांचे समजेल अशी भाषा एकच होती, मराठी. अम्मी त्यांच्या मराठवाडी मराठीत म्हणाल्या, "कशाला रद्द करता? तुमच्यात हलाल आहे ना? मग तुम्ही खावा. आमच्याकडं सुरमई ठेवा. एका टेबलावर बसलो म्हणून सगळ्यांनी एकच खायला पाहिजे असं कुठं आहे?"

"पण तुमच्यासमोर..." विहीणबाई म्हणाल्या.

"माझ्यासमोर माझी नात आयुष्यभर खाणार आहे तुमच्या घरी," अम्मी म्हणाल्या. "आज एक दिवस मी बघू शकत नाही का?"

शेवंड रद्द झाली नाही. एकच ठेवली, दुसरी परत गेली.

मग आमच्या जावयाने एक काम केले, त्याचे आम्हाला फार कौतुक वाटले. तो उठून थेट स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेला आणि शेफला तीन गोष्टी विचारल्या. सुरमई कुठल्या तव्यावर भाजणार? तळायला कोणते तेल, त्यात आधी काय तळले आहे? आणि बटर गार्लिक सॉसमध्ये काय काय घालता? तिसऱ्या प्रश्नावर शेफ थोडा घुटमळला. सॉसमध्ये व्हाइट वाइन असते. "थोडीच असते, उडून जाते," तो म्हणाला. जावई म्हणाला, आम्हाला उडून गेलेलीही नको. वाचकांनी हे ध्यानात ठेवावे. मोठ्या हॉटेलांत मासळीच्या विलायती सॉसमध्ये वाइन घालण्याची रीतच आहे आणि मेनूवर ती लिहिलेली असतेच असे नाही. विचारले तर बहुतेक शेफ खरे सांगतात आणि वेगळे करूनही देतात. न विचारता बसलात तर दोष त्यांचा नाही. शिवाय काही चायनीज प्रकारांत ऑयस्टर सॉस असतो, म्हणजे कालवांचा अर्क. हनफी घरांना तोही चालत नाही.

आमच्यासाठी वेगळा तवा तापवला गेला. सुरमईचे जाड तुकडे, आगळ, आले-लसूण, तिखट-हळद, वरून तांदळाचे पीठ. पापलेट अख्खे, हिरव्या वाटणात. सोबत तांदळाची भाकरी आणि नारळाच्या दुधातली सोलकढी. सुरमईचे काय सांगावे? नदीच्या मासळीत काटे इतके असतात की जेवताना मन काट्यांत असते. सुरमईला मधला एक मोठा काटा, तो काढला की नुसता मऊ तुकडा हातात राहतो. आमच्या धाकट्याने तीन तुकडे खाल्ले आणि मग विचारले, यात काटे विसरले का? अम्मींनी सवयीने प्रत्येक घास बोटांनी चाचपून पाहिला. चौथ्या घासानंतर चाचपणे थांबले. मग त्या खरेच जेवल्या.

समोर व्याह्यांच्या बाजूला शेवंड आली. लाल झालेली, मधून चिरलेली. अम्मी तिच्याकडे पाहत राहिल्या. नापसंतीने नव्हे, कुतूहलाने. "केवढी मोठी," त्या म्हणाल्या. "ह्या जनावराला एवढ्या मिशा कशाला?" व्याही हसले आणि त्यांच्या खांद्यांवरचे ओझे उतरले.

तेव्हाच धाकट्याने तो प्रश्न विचारला, जो गेले दोन महिने आम्ही कुणी विचारू शकलो नव्हतो. "तुम्ही खेकडे पण खाता?"

आम्ही त्याला टेबलाखालून चिमटा काढला, पण उशीर झाला होता. विहीणबाई म्हणाल्या, "आमच्या घरात कुर्ली खात नाहीत, बाळ. कुर्ली पाण्यातही राहते, चिखलात-जमिनीवरही राहते. आमच्याच शाफई किताबांत त्यावर बोलणं आहे. काही खातात, काही नाही. माझ्या सासऱ्यांनी कधी घरात आणू दिली नाही. शेजारी खातात. आम्ही नाही."

आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो. ज्या खेकड्यापायी अर्धे नाते हे लग्न मोडायला निघाले होते, तो या घराच्या चुलीवर तीन पिढ्यांत चढलेलाच नव्हता. त्या मामूंना हे कळवायचे की नाही, यावर नंतर गाडीत आमचा वाद झाला. शेवटी कळवले. मामू म्हणाले, "मग शेवंड तर खातात ना?"

जेवण लांबले. व्याह्यांनी धाकट्याला एक किस्सा सांगितला. बुखारी आणि मुस्लिमच्या हदीसमधला, हजरत जाबिर (रजि.) यांनी सांगितलेला. हजरत अबू उबैदा (रजि.) यांच्या सरदारीखाली तीनशे सहाबा समुद्राकाठच्या मोहिमेवर होते. खजूर संपत आले. दिवसाला माणशी एक खजूर, मग तोही नाही. शेवटी झाडांची पाने झोडपून खाण्याची वेळ आली. तेव्हा समुद्राने एक प्रचंड मासा किनाऱ्यावर टाकला. त्यावर सगळ्या लष्कराने पंधरा दिवसांच्या वर काढले. त्याची एक बरगडी उभी केली तर तिच्याखालून उंट गेला. मदीनेला परतल्यावर पैगंबर (स.) यांनी विचारले की त्यातले काही उरले आहे का, आणि आणलेले स्वतः खाल्ले. आमच्या पोराचे डोळे मोठे झाले. समोरच्या अंधारात लाटा फुटत होत्या आणि तो त्या दिशेने पाहत होता, जणू आता काहीतरी बाहेर येईल.

मोठा प्रश्न अजून बाकी होता आणि अम्मींनी तो खीर येईपर्यंत धरून ठेवला. मग विहीणबाईंना सरळ विचारले, "समधन, एक सांगा. माझी नात हे खाणार नाही. पण घरात शिजणार. ती शिजवणार का? तिला शिजवावं लागणार का?"

कुणीच लगेच बोलले नाही. दिवे, वाळू, संगीत, सगळे तसेच होते, पण आमच्या टेबलावर जणू इस्लापूरची ओसरी येऊन बसली.

विहीणबाई गोडगोड बोलणाऱ्या बाई नाहीत. त्या म्हणाल्या, "खरं सांगू? आमच्या घरी आठवड्यातून एकदा तरी तिसऱ्या होतात. माझे गुडघे गेलेत. मी कायम उभी राहू शकत नाही. तिला खावं लागणार नाही, हे मी लिहून देते. तिच्यासाठी वेगळा तवा, वेगळी कढई, तेही देते. पण करावं लागणार नाही असं मी आज म्हटलं तर ते खोटं होईल."

अम्मी काही म्हणणार तेवढ्यात लेक बोलली. तिने पहिल्यांदाच मान वर केली. "दादीमा, मी करीन. दुसऱ्याच्या हलाल खाण्याला हात लावला म्हणून माझं काही जात नाही. पण मला एक अट घालायची आहे." तिने सासूकडे पाहिले. "मी फज्रला कुनूत म्हणणार नाही. मला माझ्या पद्धतीने नमाज पढू द्या. मशिदीचं पुरुषांनी बघावं."

शाफई मसलकात फज्रच्या दुसऱ्या रकातीत कुनूत म्हणतात. हनफी म्हणत नाहीत. लेक दोनच दिवस त्या घरात होती आणि तिथल्या बायका एकत्र नमाज पढतात, हे आम्हाला तिच्या तोंडून तेव्हा कळले. दोन दिवस ती मनात हे घेऊन फिरत होती. आम्ही खेकड्यांची काळजी करत होतो आणि तिची काळजी वेगळीच होती.

व्याही खुर्चीत सावरून बसले. "बेटी, इमाम शाफईंबद्दल असं सांगतात की ते बगदादला इमाम अबू हनीफांच्या कबरीजवळ फज्र पढले तेव्हा त्यांनी कुनूत म्हटलं नाही. कबरीतल्या माणसाचा अदब म्हणून. ज्यांच्या मसलकात आपण आहोत, त्यांनी कबरीचा एवढा अदब केला. तू तर जिती माणूस आहेस, आमच्या घरात." आणि विहीणबाईंकडे पाहून म्हणाले, "तू काय म्हणतेस?"

"मला काय म्हणायचंय," विहीणबाई म्हणाल्या. "फज्रला वेळेवर उठली तरी पुरे."

सगळे हसले. अम्मी हसल्या नाहीत. त्या खीर खाऊ लागल्या, आणि आमच्या घरात अम्मी खीर खाऊ लागल्या म्हणजे विषय संपला.

बिल आले ते चामड्याच्या पाकिटात. आम्ही तिरके पाहिले. आमचा महिन्याचा किराणा त्यात सहज झाला असता आणि काही उरले असते. द्यायला आम्ही हात पुढे केला तर व्याह्यांनी तो धरूनच ठेवला. हे बोचले, हे खोटे कशाला बोलावे? आम्ही ठरवले की पुढच्या वेळी त्यांना इस्लापूरला बोलवायचे, मरळ आणायची आणि सहस्रकुंड दाखवायचे. उरलेली भाकरी आणि सुरमईचे दोन तुकडे अम्मींनी बांधून घेतले. वेटर थोडा चकित झाला, पण त्याने नीट डब्यात भरून दिले.

निघताना अम्मी पुन्हा पाण्याकडे गेल्या. चपला हातात घेऊन, सुनेचा हात धरून. ओल्या वाळूवर उभ्या राहिल्या. एक लाट घोट्यांपर्यंत आली तेव्हा त्या मोठ्याने "बिस्मिल्लाह" म्हणाल्या.

या गोष्टीला आता सहा महिने होतील. जूनपासून किनाऱ्यावर मासेमारी बंद झाली आहे, आणि व्याह्यांनी त्याआधी एसटीच्या पार्सलने सुक्या मासळीची एक पेटी पाठवली. बोंबील, बांगडे आणि जवळा. अम्मींनी जवळा हुंगून पाहिला आणि म्हणाल्या, बाजारातल्यापेक्षा चांगला आहे, पण वाळू जरा जास्त आहे. मामूंच्या घरीही त्यातला वाटा गेला. त्यांनी ठेवून घेतला.

गेल्या शुक्रवारी लेकीचा फोन आला. बोलता बोलता ती म्हणाली, आज तिसऱ्या केल्या. अम्मींनी फोन घेतला आणि पहिला प्रश्न केला, "तू खात नाहीस, मग मीठ कसं कळतं तुला?"

"सासूबाई चाखतात," लेक म्हणाली. "मी कढईपाशी, त्या खुर्चीवर. मी चमचा पुढे करते, त्या सांगतात."

"आज कसं झालं होतं?"

"कमी पडलं होतं, दादीमा. दोनदा घालावं लागलं."